फॅन कोण बंद करतं

४ तारीख, सोमवार

ताईने निघताना सांगितलं होतं, डोकं तापलं की कोणाला बोलू नकोस, वहीत लिही. आज तापलंय. म्हणून लिहितो.

आधीच्या दोन ठिकाणांहून मी तोंड वाजवून निघून आलो. इथे, या ट्रकच्या वर्कशॉपमध्ये, दाजींच्या शब्दावर लागलोय. इथूनही गाशा गुंडाळला तर ताईला घरात मान खाली घालावी लागेल. ती तसं म्हणत नाही. फोनवर फक्त "जेवलास का, भांडलास का" एवढंच विचारते, एका दमात, म्हणजे दोन्ही रोजचंच.

तर आज लाल ट्रक परत आला. तिसऱ्यांदा. त्याच्या ड्रायव्हरला आम्ही सरकार म्हणतो, कारण तो सगळ्यांना सरकार म्हणतो, अगदी दारातल्या कुत्र्यालाही. उतरला तोच बोलत.

"सरकार, चढाला काटा पुन्हा लाल पट्टीत. भरलेली गाडी. कडेला घेतली आणि तासभर झाडाशी गप्पा मारत बसलो."

मालक म्हणाले, "फॅन फिरत नव्हता?"

"फिरत होता ना. लग्नातल्या पाहुण्यासारखा. हजर होता, कामाला नव्हता."

या गाडीचा फॅन सारखा जोरात फिरत नाही. इंजिन तापलं की केबिनमधून वायरने करंट येतो, फॅनचा क्लच टक करून पकडतो आणि मग फॅन असा सुटतो की बोलणं ऐकू येत नाही. करंट नाही आला तर नुसता रेंगाळतो. पहिल्या खेपेला तापमानाचा स्विच बदलला, तो वायरमन काकांनी. दुसऱ्या खेपेला क्लच बदलला, तो मी. माझ्या हाताने, एकेक बोल्ट पुसून.

आज केबिन उचलली, म्हणजे पुढे कलती केली, कारण इंजिन आणि फॅन केबिनच्या खाली असतात. इंजिन तापवलं. फॅनने असा वेग पकडला की माझी टोपी उडून ग्रीसच्या डब्यात. मालक सरकारकडे बघत राहिले.

"तुम्ही गाडीवर झोपता का हो?"

सरकारचा चेहरा पडला. खोटं बोलणारा माणूस नाही तो. मालकांनाही ते माहीत आहे, म्हणून मग ते आमच्याकडे वळले. काका आणि मी. म्हणाले, "दोघांपैकी एक जण हात राखून काम करतोय. आठवडाभर गाडी इथेच ठेवतो. त्यानंतर ही अशी परत आली तर दोघांपैकी एक घरी जाईल. कोण ते मी ठरवीन."

काका मालकांच्या खांद्याच्या थोडं बाजूला कुठेतरी बघत उभे होते. सरळ नजर देत नाही तो माणूस.

५ तारीख, मंगळवार

काकांबद्दल लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

गळ्यात मीटर अडकवून फिरतात. केस पांढरे. वर्कशॉप उघडलं तेव्हापासून इथे आहेत. त्यांनी केलेला वायरचा जोड कुठेही ओळखू येतो, कारण टेपचं शेवटचं टोक ते दुमडून ठेवतात, म्हणजे पुढच्याला नखाने सोडवता यावं. दुसरं कोणी एवढा विचार करत नाही. मला भिंगरी म्हणतात. एका जागी उभा राहत नाही म्हणून. ते नाव आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय, आणि कोणामुळे बसलं ते मी विसरलेलो नाही.

आज लाल ट्रकच्या वायरी तपासायला त्यांनी मलाच हाताशी घेतलं. केबिन वर. काका वायरीच्या टोकाला मीटर लावतात आणि म्हणतात, "वाच रे, काय आकडा?" मी वाचतो. "चोवीस व्होल्टच्या वर आहे." मग म्हणतात, "नक्की?" मी परत वाचतो. पुढची वायर. "वाच." "नक्की?"

मीटर त्यांच्या गळ्यात, आकडा माझ्या तोंडी. चुकलं तर कोणाचं चुकलं? आकडा सांगणाऱ्याचं. मी एवढाही भोळा नाही.

मग एक वायर पुढे धरून विचारतात, "ही तपकिरी की लाल?" डोळे झाकून सांगता येईल इतकी लाल. माझी परीक्षा घेतात. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणाले, "मला काय वाटतं ते सोड, तू सांग."

करंट सगळीकडे बरोबर आला. म्हणजे त्यांचं काम ठीक ठरलं. उरलो मी आणि माझा क्लच.

दुपारी मालकांच्या खोलीत गेले. दार अर्धं लोटलेलं. मी डिझेलचा डबा घ्यायच्या निमित्ताने जवळून गेलो. "...तुम्ही एकदा ठरवा, मग मी त्याला सांगतो," असं काका म्हणत होते. माझी चप्पल वाजली तसे गप्प झाले.

त्याला, म्हणजे कोणाला?

७ तारीख, गुरुवार

राहायलाही आम्ही एकाच खोलीत. वर्कशॉपच्या मागे, दोन खाटा, एक खिडकी. दाजींनी सांगितलं होतं, वडीलधारा माणूस सोबत आहे, चांगलं आहे. दाजींना काय जातं.

या माणसाच्या खोड्या तरी किती. चहा ओततात तेव्हा कपात बोट बुडवून ठेवतात, चहा बोटाला लागला की थांबतात. माझ्याही कपात. मी म्हटलं, "काका, बोट कशाला?" तर म्हणाले, "सांडत नाही." साबण जरा इकडचा तिकडे झाला की चिडतात. माझ्या चपला दारात होत्या, त्यांवर अडखळले, तर केवढा आरडाओरडा. "वस्तू जागेवर ठेवायला काय हात दुखतो?" चपलांना कसली जागा?

आज सकाळी माझा सदरा घालून कामावर आले. मी बघतच राहिलो. म्हणाले, "अरे, तुझा का हा? मला वाटलं माझा." त्यांचा चौकड्यांचा, माझा रेघांचा. माझ्या बॅगेतही हात घालत असणार. संध्याकाळी बाजारातून कुलूप आणलं. येताना ते समोरून आले, अगदी हातभर अंतरावरून, आणि ओळखही न दाखवता गेले. मी मुद्दाम हाक मारली. मग हसले. "अरे तू होय," म्हणे. दिवसभर शेजारी उभे राहून रस्त्यात ओळख नाही. माणसाच्या मनात पाप असल्याशिवाय असं होत नाही.

ताईचा फोन आला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना बरं नसेल रे." तिला सगळी माणसं चांगलीच वाटतात. लग्नही तसंच केलं तिने.

८ तारीख, शुक्रवार

आज गाडी रस्त्यावर काढली. मागे खडी भरली. सरकार चालवत होता, मी मधे. निघताना काका म्हणाले, "मीही येतो." कशाला? कोणी बोलावलं होतं? चढून माझ्या पलीकडे बसले, बरोबर फ्यूजच्या खोक्यापाशी. त्यांच्या गुडघ्याला खोकं लागत होतं.

चढ लागला आणि काटा चढायला लागला. मी डोळ्यांनी बघितला. सरकार गाणं म्हणत होता, तो थांबला.

"बघा सरकार. आता म्हणा मी झोपतो."

गाडी कडेला घेतली. मी आणि सरकारने पंप मारून केबिन उचलली, इंजिन चालू केलं. आणि फॅनने वेग पकडला. पाच मिनिटांपूर्वी मेल्यासारखा होता, आम्ही बघायला आलो तसा घोंघावायला लागला. सरकारने कपाळावर हात मारला. काका कान देऊन ऐकत होते. तोंडावर काही नाही.

परत येताना मी ओळीने विचार केला. आम्ही बघतो तेव्हा चालतो. बघत नाही तेव्हा बंद पडतो. लोखंडाला काय कळतं कोण बघतंय? माणसाला कळतं. म्हणजे हे लोखंडाचं काम नाही, माणसाचं आहे. आणि फ्यूजच्या खोक्यापाशी गुडघा कोणाचा होता?

९ तारीख, शनिवार

सापळा लावला. खोक्याच्या झाकणाच्या कडेला ग्रीसचा पातळ थर ठेवला. जो उघडेल त्याची बोटं उमटतील. सकाळी ठेवला, संध्याकाळी बघितला, जसाच्या तसा.

म्हणजे त्यांना कळलं. मी लक्ष ठेवून आहे हे त्यांना कळलंय. त्याशिवाय एवढा सावध कोणी राहत नाही.

११ तारीख, सोमवार

आज अक्षर वाईट येईल.

मी ठरवलं होतं की काकांना रंगेहाथ पकडायचं. केबिन खालीच ठेवायची, पुढची जाळी काढायची आणि रेडिएटरच्या बाजूच्या फटीतून मी स्वतः फॅनवर नजर ठेवायची. काका केबिनमध्ये एकटे. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावला की इंजिन उभ्या जागी तापतं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही फक्त काटा बघा आणि लाल पट्टीपाशी आला की ओरडा." माझा हिशोब सोपा होता. आत ते एकटे असताना फॅन बंद पडला की चोर सापडला.

ते जरा थांबले. "मी बाहेर राहतो, तू आत बस," म्हणाले. मी म्हटलं, "का? आत बसायला काय झालं?" मग चढले.

इंजिन चालू. मी उकिडवा बसून फटीत टॉर्च धरला. फॅन रेंगाळत होता.

"काका, काटा?"

"मधेच आहे रे."

थोडा वेळ गेला. माझ्या तोंडावर भट्टीसारखी झळ.

"आता?"

"मधेच. हललाच नाही."

फॅन तसाच. आणि मग मला तो वास आला, उकळत्या रेडिएटरचा गोडसर वास. कुठेतरी फुस्स झालं. मी धावलो, दार उघडलं. काटा लाल पट्टीच्या शेवटाला टेकलेला. चावी फिरवून इंजिन बंद केलं, चावी उपसून काढली.

मग माझं तोंड सुटलं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं. "हे मधे आहे? हे? मला घालवायचंय तर मालकांना सरळ सांगा ना. रोज दार लोटून सांगताच आहात. इंजिन कशाला जाळता?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या काचेकडे बघत होते. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि हळूच एका काट्यावर टेकवलं.

"हा ना?"

तो डिझेलचा होता. टाकी अर्धी होती. काटा मधेच होता.

"तो डिझेलचा आहे, काका."

"हं," म्हणाले. बोट तिथेच.

पुठ्ठा काढला. पाणी थंड होईपर्यंत उभा राहिलो, एका जागी.

१२ तारीख, मंगळवार

सकाळी चहा मी ओतला. दोघांचा.

विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष होत आलं असेल. आधी सगळीकडे धूर वाटायचा. मी म्हटलं, वर्कशॉप आहे, धूर असणारच."

"डॉक्टर?"

"डॉक्टरची भीती नाही. तो कामावर जाऊ नका म्हणेल, त्याची आहे. आणि तू माझ्या मागे मागे फिरत होतास, तेही कळत होतं मला. तुझ्या चपला फटफट वाजतात."

मला हसू आलं, ते चहात गेलं.

मग म्हणाले, "भांडण बाजूला ठेव. काल केबिन खाली असताना फॅन रेंगाळलेला तू डोळ्यांनी बघितलास. त्याआधी कधी?"

"कधीच नाही. बघायला केबिन उचलली की चालूच."

"मग मला काय विचारतोस? केबिनला विचार."

मला एक क्षण लागला. मग कळलं. आम्ही प्रत्येक वेळी बघायच्या आधी केबिन उचलत होतो. केबिनमधून इंजिनाकडे जाणारी वायर बिजागरीपाशी वाकते. केबिन उचलली की सरळ होते, पाडली की मुडपते. आमच्या बघण्यानेच ती बरी होत होती. एवढे दिवस मी माणसं तपासत होतो.

पुढचं काम दोघांचं होतं. इंजिन बंद, केबिन खाली, तापमानाचा स्विच वायरच्या तुकड्याने जोडून टाकलेला, म्हणजे चावी पहिल्या टप्प्यावर ठेवली की क्लचला करंट मिळून टक वाजलं पाहिजे. वाजत नव्हतं. आता जाळीच्या बाजूने हात कोपरापर्यंत आत घालून वायरींचा जुडगा चाचपायचा, आणि कुठे दाबल्यावर टक वाजतं ते ऐकायचं. बोटं पोचतात तिथून फॅनचं पातं वीतभर.

वर्कशॉपची एक रीत आहे, मालकांनी पहिल्याच दिवशी दम देऊन सांगितलेली. फॅनजवळ ज्याचा हात, चावी त्याच्या खिशात. पण या कामात चावी खिशात ठेवून चालत नाही. ती लावलेलीच हवी, आणि तिच्यापाशी कोणीतरी हवं. एक टप्पा जास्त फिरली की इंजिन चालू आणि हात गेला.

मी म्हटलं, "हात मी घालतो. चावी तुम्ही धरा."

"मला टप्पा दिसणार आहे का?" बाही वर करत म्हणाले. "आणि तुला बोटांनी काय कळणार आहे? चढ वर."

चढलो. काल ज्याला चोर म्हटलं तो माणूस खाली फॅनपाशी हात घालून उभा आणि चावी माझ्या चिमटीत. माझा हात कधी स्वस्थ राहत नाही हे मला माहीत आहे. म्हणून दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून बसलो.

खालून आवाज, "आहेस ना?"

"आहे."

शांत. मग, टक.

"वाजलं?"

"वाजलं."

टक. टक. "इथे आहे," म्हणाले. "काढ चावी. खिशात घाल."

मी खाली उतरून टॉर्च धरला. बरोबर वाकायच्या जागी जोड होता. टेप सैल पडलेली, आत तारा पिळून नुसत्या अडकवलेल्या, त्यातल्या बऱ्याच बाहेरच राहिलेल्या. टेपचं टोक दुमडलेलं.

काकांची बोटं अजून त्यावरच होती.

"कोणाचा जोड आहे?"

"जोड नाहीच," मी म्हटलं. "वायर घासून तुटलीय."

"टेपचं टोक दुमडलेलं आहे का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी हात बाहेर काढला आणि धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. मी तेवढ्यात तो तुकडा कापला, टेप सोलून काढली आणि जाळून टाकली. नवी वायर लांब लूप ठेवून टाकली, जोड वाकण्यापासून दूर, सोल्डरचा नीट डाग दिलेला. केबिन पाडली. टक. उचलली. टक.

बरं झालं, काकांना कळलं नाही.

१३ तारीख, बुधवार

इथे काढलेला जुना भाग टेबलावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवतात. मी सोललेला तुकडा ठेवला. सरकार म्हणाला, "एवढीशी वायर? सरकार, हिने मला झाडांशी बोलायला लावलं?"

तो गेल्यावर मालकांनी तुकडा उचलला. बोटाने चोळला.

"घासलेल्या वायरला टेपचा डिंक कसा लागला रे?"

मी छताकडे बघितलं.

"तुझे काका सकाळीच येऊन गेले. जोड माझा, डोळे माझे, पोराचा काही दोष नाही, असं म्हणाले. घरी जायचं तर मी जातो म्हणाले. गेल्या महिन्यापासून माझ्या मागे लागलेत, वायरिंग भिंगरीला शिकवू द्या म्हणून. मीच म्हणत होतो, हा टिकायचा नाही, पळेल."

मी टेबलावरचा ग्रीसचा डाग पुसत राहिलो.

"त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर काढून येतील. तोवर हात तुझे, डोकं त्यांचं. बसशील एका जागी?"

मला सवयीने उलट उत्तर सुचलं होतं. दिलं नाही. "बसतो," म्हटलं. पण मालक इतके गोड का बोलतात, यावर लक्ष ठेवलं पाहिजे.

आणि एक गोष्ट अजून सुटत नाही. जोड त्यांचा आहे हे काकांना सांगितलं कोणी? टेप मी जाळली होती. बघायला कोणी नव्हतं. सरकारने सांगितलं असणार. त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही.

१६ तारीख, शनिवार

बॅगेचं कुलूप उघडून ठेवलंय. त्याची चावी सारखी टोचत होती.

दुपारी सरकारचा फोन आला, चढावरून. मालकांनी फोन टेबलावर ठेवला, सगळे वाकून ऐकत होतो. आधी नुसतं इंजिन, मग मागून एकदम तो घोंघावा. काका सगळ्यांच्या आधी म्हणाले, "पकडला." सरकार काहीतरी ओरडत होता, पण फॅनपुढे एक शब्द कळला नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, त्यांना बरं नसेल." आता हे तिचं वर्षभर चालणार. काकांना सोमवारी डॉक्टरकडे नेतोय. नाही म्हणत होते. मी चपला मधोमध ठेवीन म्हटलं, मग तयार झाले.

संध्याकाळी एका टँकरच्या मागच्या दिव्यांचं काम होतं. मीटर आज माझ्या गळ्यात. काका शेजारी डब्यावर बसलेले.

"वाच, काय आकडा?"

"चोवीस पॉइंट तीन."

"लाव मग," म्हणाले.

मी थांबलो. ते "नक्की?" म्हणतील म्हणून वाट बघितली. म्हणाले नाहीत.

मग मीच पुन्हा एकदा वाचून बघितला.